साक्षीचे उंदीर

मैथिली सगरेचं सगळं नॉर्मल होतं. रक्त नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, व्हिटॅमिन डी थोडं कमी, पण ते अख्ख्या सांगलीचंच कमी होतं. एमआरआयमध्ये तिचा मणका इतका देखणा आला की तिथल्या डॉक्टरांनी विद्यार्थ्यांना दाखवायला त्याची प्रत ठेवून घेतली. फक्त या देखण्या मणक्याच्या बाईला सकाळी अंगावरची चादर सहन होत नव्हती. उद्या ताप येणार असला की आज जसं अंग मोडून येतं, तसं तिचं सहा वर्षं रोज मोडून येत होतं, आणि ताप काही येत नव्हता. आला असता तर निदान घरच्यांना थर्मामीटर तरी दाखवता आला असता.

ती हळद बाजारातल्या तपासणी प्रयोगशाळेत कामाला होती. संध्याकाळी घरी येताना नखांपासून पापण्यांपर्यंत पिवळी. अशा बाईला सहा वर्षांत भेटलेल्या प्रत्येक माणसानं एकच उपाय सांगितला होता: झोपताना हळदीचं दूध घेत जा.

घरात तिघं. नवरा निनाद कोर्टात ई-फायलिंगच्या खिडकीवर बसायचा, त्यामुळे पुराव्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही ही सवय त्याच्या हाडात मुरलेली. आणि सासूबाई, जयश्रीबाई. वय अडुसष्ट, दिवसभर पायाला भिंगरी. मैथिली सोफ्यावर आडवी झाली की त्या काही बोलत नसत. तिच्या आजूबाजूनं झाडून घेत.

शेवटी मिरजेच्या वेदना-निदान केंद्रात डॉ. शिरीन मुजावर यांनी पहिल्यांदा त्या दुखण्याचं नाव घेतलं. फायब्रोमायल्जिया.

"नाव मिळालं," मैथिली म्हणाली. "आता?"

"नाव मिळालं म्हणजे फक्त बारसं झालं. पुढचं ऐका." डॉक्टरांनी टेबलावरचा प्लॅस्टिकचा मणका पुढे ओढला. "याच्या दोन्ही बाजूंना मज्जातंतूंच्या छोट्या गाठी असतात. अंगाकडून मेंदूकडे जाणारी प्रत्येक खबर या नाक्यांवरून जाते. तुमच्या स्नायूत काही नाही, हाडात काही नाही. बिघाड नाक्यावर आहे. शरीर जंतूंशी लढायला प्रतिपिंडं बनवतं. काही जणांची प्रतिपिंडं वाट चुकतात आणि या गाठींतल्या पेशींनाच जाऊन चिकटतात. मग नाका बिथरतो. बाही घासली तरी वर निरोप जातो की हल्ला झाला. मेंदूला बिचाऱ्याला काय कळणार? तो आलेला निरोप खरा मानतो."

"म्हणजे दुखणं खरं आहे की नाही?" निनादनं विचारलं.

"दुखणं खरं आहे. हल्ला खोटा आहे."

निनादनं याची मनात नोंद घेतली.

"सगळ्यांचंच फायब्रोमायल्जिया या कारणानं होत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण ज्यांचं होतं त्यांच्यासाठी आता गाळणी आलीय. रक्त बाहेर काढायचं, ती प्रतिपिंडं गाळून घ्यायची, रक्त परत आत. ही गाळणी मिळवायची तर आधी सिद्ध करावं लागतं की तुमचीच प्रतिपिंडं गुन्हेगार आहेत. त्यासाठी उंदीर."

उंदराची गोष्ट सोपी होती. मैथिलीची प्रतिपिंडं एका उंदराला टोचायची. ती खरोखर दुखरी असतील तर उंदराचंही अंग दुखू लागणार. डोळे बारीक होतात, कान मागे पडतात, गाल फुगतात. पिंजऱ्यातला कॅमेरा ते सगळं वाचून आकडा देतो. "उंदराला नोकरी नसते, रजा नको असते, सासर नसतं," डॉक्टर निर्विकारपणे म्हणाल्या. "तो उगाच कण्हत नाही."

आणि तुलनेला दुसरा उंदीर. त्याला त्याच घरातल्या, तेच पाणी पिणाऱ्या, पण ठणठणीत माणसाची प्रतिपिंडं. पहिला दुखला आणि दुसरा नाही, तर मैथिली जिंकली. दोन्ही पिंजरे घरीच ठेवायचे, कारण आवाज, हवा, झोपमोड यांनी दुखणं वाढतं, तेव्हा उंदरांनाही पेशंटच्या घरातलंच सगळं मिळायला हवं. शिवाय केंद्रात जागा नव्हती.

ठणठणीत माणूस म्हणून निनादनं बाही वर केली. सुई बघितली. त्याला कॉटवर आडवं करावं लागलं.

"माझं घ्या," जयश्रीबाई म्हणाल्या. "या पोराच्या बाळंतपणानंतर मी दवाखान्याची पायरी चढलेली नाही."

"काही त्रास?" डॉक्टरांनी विचारलं.

"वयाप्रमाणं चालायचंच की."

डॉक्टरांनी लिहिलं, ठणठणीत.

*

पिंजरे हॉलमध्ये टीव्हीशेजारी आले. एकावर गोल, दुसऱ्यावर त्रिकोण. कुठला कुणाचा हे फक्त केंद्राला ठाऊक. निनादनं त्यांची नावं वादी आणि प्रतिवादी ठेवली.

दोन-तीन दिवसांतच त्रिकोणातला उंदीर कोपऱ्यात जाऊन बसला. बसला म्हणजे काय, त्यानं स्वतःला गोळा करून तिथं ठेवून दिलं. पुढचे पाय टेकवायचा आणि चटकन उचलायचा, फरशी तापली असावी तसे. गोलातला मात्र दिवसभर कापूस ओढून ओढून घरटं बांधत होता, दाणे एका बाजूला रचत होता.

कॅमेऱ्याचा निकाल यायच्या आत घरानं निकाल लावून टाकला. त्रिकोण मैथिलीचा, गोल आईंचा.

"बघ, कसा कामसू आहे," जयश्रीबाई गोलाकडे बघत म्हणाल्या. मग त्रिकोणाकडे वळल्या आणि त्यांचा आवाज एकदम पातळ झाला. "आणि हे बघ गं लेकरू. काय हाल गं बाई याचे."

त्यांनी त्या लेकरासाठी जुन्या सुती साडीची घडी केली. निनादनं टीव्हीचा आवाज कमी केला. सहा वर्षं मैथिली सांगत होती, आवाज कमी कर, कानातून हाडात उतरतो. आता तो स्वतःहून म्हणाला, "याला त्रास होत असेल." दाराची बेल काढून ठेवली गेली. शेजारच्या मगदूम वहिनींना चपला बाहेर काढून हळू चालायला सांगण्यात आलं.

मैथिली सोफ्याच्या कडेला बसून हे बघत होती. तिला राग यायला हवा होता. पण राग यायला अंगात जी थोडी धग लागते तीसुद्धा नव्हती. होती ती भीती. खांदा वर चढवून, मान आत ओढून, श्वासही जपून घेत तो उंदीर बसला होता, आणि ती बैठक तिची होती. तिचं अंग तिच्याशिवाय समोर ठेवलेलं होतं. मेल्यावर माणूस स्वतःला वरून बघतो म्हणतात. तिला जिवंतपणी, टीव्हीशेजारी बघायची पाळी आली होती.

"निनाद," ती म्हणाली, "माझ्यासाठी कधी आवाज कमी केला नाहीस."

निनाद खरं तेच बोलला. "तुझ्या तोंडावर काही दिसायचं नाही गं."

"उंदराच्या दिसतं?"

"त्याचा आकडा येतो ना."

सांगलीत उंदीर घरात ठेवायचा म्हणजे आणखी एक भानगड असते. देवळात गणपतीसमोरच्या उंदराच्या एका कानावर हात ठेवून दुसऱ्या कानात आपलं मागणं सांगायचं, म्हणजे ते मालकापर्यंत पोचतं, हे इथं लहान पोरालाही माहीत. मगदूम वहिनींनी तिसऱ्या दिवशीच गोलाच्या जाळीला तोंड लावून मुलाचा व्हिसा मागितला. खालच्या मजल्यावरचे काका जाळीशी बराच वेळ कुजबुजले आणि लाजून निघून गेले. डॉक्टरांनी फोनवर बजावलं की उंदरांना मोदक देऊ नका, आकडे बिघडतात.

आणि मग त्यांचाच दुसरा फोन आला. निनादनं स्पीकर लावला.

"दोन्ही आकडे चढलेत," डॉ. मुजावर म्हणाल्या. "गोल आणि त्रिकोण, दोघेही."

"गोल तर काम करतोय दिवसभर," निनाद म्हणाला.

"काम करतो म्हणजे दुखत नाही, असं कुठं असतं? चेहरा वाचा. दुखतंय त्याला, आणि सपाटून दुखतंय. तुलनेचा उंदीरच दुखला तर चाचणी अनिर्णित धरतात. वर्षभर नवी चाचणी नाही, आणि चाचणीशिवाय गाळणी नाही. एकच सोय आहे. तुलनेसाठी ज्यांचं रक्त घेतलं, त्यांनाच आधीपासून काही दुखणं असेल, तर त्यांनी महिन्याच्या आत येऊन सांगायचं. मग ते रक्त बाद धरून मी दुसऱ्याचं घेऊ शकते."



"कॅमेरा बिघडला असेल," जयश्रीबाई म्हणाल्या आणि भाजी चिरायला निघून गेल्या.

निनाद हळूच म्हणाला, "कदाचित उंदरांनाही एकमेकांचं बघून..."

"वाक्य पुरं करू नकोस," मैथिली म्हणाली.

आणखी एक वर्ष. ती मनाशी मोजायला गेली आणि मोजता मोजता, ज्यानं वरण वाढतात त्या वस्तूचं नाव विसरली. असं हल्ली व्हायचं. ती तशीच त्या वस्तूकडे बघत बसली आणि तिला वाटलं, वर्षभरानं इथं बसलेली बाई कुणाला ओळखू तरी येईल का?

*

शनिवारी ती अर्ध्या दिवसानं घरी आली. दुपारची सामसूम. हॉलचा पडदा ओढलेला, आणि पडद्याआडून कुजबुज.

जयश्रीबाई गोलाच्या पिंजऱ्यापाशी बसल्या होत्या. जाळीचं झाकण उघडून, उंदराला ओंजळीत घेऊन, अंगठ्यानं त्याचा एक कान झाकून दुसऱ्या कानात बोलत होत्या. मैथिली दारातच थांबली. तिला वाटलं, आपल्याविरुद्ध मागणं चाललंय.

"डाव्या कुशीवर नको," जयश्रीबाई सांगत होत्या. "खांदा धरतो. उजवीवर हो. दोन गुडघ्यांच्या मधे काहीतरी घे, नाहीतर हाडाला हाड लागतं आणि कळ येते. उठताना एकदम उठायचं नाही बाळा. आधी बोटं हलवायची. मग मनगट. मग भिंतीला हात, आणि मग पाय खाली. पहिली चार पावलं टाचेवर टाकायची नाहीत, काच टोचते. पाचव्यापासून कुणाला कळतसुद्धा नाही."

उजवी कूस, गुडघ्यांमधली उशी, बोटं, मनगट, भिंत. हा सगळा क्रम मैथिलीनं स्वतः, एकटीनं, सहा वर्षांत शोधून काढला होता. कुणालाही सांगितला नव्हता. या घरातून रोज पहाटे दोन बायका एकाच वाटेनं, एकमेकींना न दिसता उठत होत्या.

"आई."

जयश्रीबाईंनी उंदीर झटकन आत ठेवला. "व्हिसा मागत होते मगदूमच्या पोराचा. झाला की नाही कळलं नाही."

"पाचव्या पावलापासून कुणाला कळत नाही, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"त्यात ठाऊक असायचं काय? सगळे तसंच उठतात."

"नाही उठत."

"बरं, तू नाजूक आहेस, तू नसशील..."

"मी तसंच उठते आई. बाकीचे नाही उठत."

जयश्रीबाईंनी आत झोपलेल्या मुलाला हाक मारली. "निन्या! इकडं ये."

निनाद डोळे चोळत आला.

"सकाळी उठताना तुझं काय काय दुखतं?"

"काही नाही."

"तळवे?"

"नाही."

"बोटं आखडतात की नाही? मुठी उघडायला वेळ लागतो की नाही?"

"नाही आई."

"दंडावर बाही घासते तेव्हा?"

"बाही घासली तर कशाला दुखेल?"

"खोटं बोलू नकोस," जयश्रीबाई इतक्या जोरात म्हणाल्या की दोन्ही उंदीर दबकले. "खरं सांग. आत्ता, इथं उभा आहेस, कुठं दुखतंय?"

आपल्या अंगाबद्दल पुरावा द्यायची निनादवर ही पहिलीच वेळ होती. त्यानं प्रामाणिकपणे डोक्यापासून पायापर्यंत शोध घेतला. "कुठंच नाही," तो अपराध्यासारखा म्हणाला. "मला... मला अंग आहे हेच लक्षात नसतं, आई."

जयश्रीबाई खुर्चीवर बसल्या. बसताना त्यांनी आधी हात टेकला, मग एक बाजू, मग दुसरी. मैथिलीनं ते हजारदा बघितलं होतं आणि आज पहिल्यांदा दिसलं.

"लक्षात नसतं," त्या म्हणाल्या. मग मैथिलीकडे वळल्या. "मला वाटायचं, सगळ्यांना असतं तेवढंच तुला आहे आणि तू बोभाटा करतेस. माझी आई म्हणायची, अंग आहे म्हणजे दुखणारच, भांडं आहे म्हणजे वाजणारच. मी वाजू दिलं नाही."

"डॉक्टरांना सांगाल?"

"नाही."

"आई, नाहीतर माझं वर्ष..."

"कळतंय मला. पण नाही. हा आजार आहे म्हटलं, तर मग मी पाणी भरलं ते आजारात भरलं. याला कडेवर घेऊन बाजार केला तो आजारात केला. सासऱ्यांचं अंथरूण तीन वर्षं काढलं ते आजारात काढलं. एवढ्या माणसांतून एकानंही मला बस म्हटलं नाही, असं होतं मग. आत्तापर्यंत तसं नव्हतं. आत्तापर्यंत सगळ्यांचंच दुखत होतं."



*

त्यानंतर घर चमत्कारिक झालं. जयश्रीबाई कामं करायच्या, पण मधेच थांबायच्या. पोळी तव्यावर आणि त्या स्वतःच्या मनगटाकडे बघतायत. रस्त्यावरून एखादी बाई पिशवी घेऊन जाताना दिसली की खिडकीतून तिला वळणापर्यंत न्याहाळायच्या. मैथिलीला एकदा म्हणाल्या, "ही बघ. हिचं काही दुखत नाहीये. कशी चाललीय बघ, निर्लज्जासारखी."

मैथिलीनं पुन्हा विषय काढला नाही. तिची मुदत संपत आली होती, आणि ती स्वतः सहा वर्षं ज्या एका वाक्यासाठी झगडली, तेच वाक्य ती दुसऱ्याच्या तोंडून ओढून काढू शकत नव्हती.

काम उंदरांनीच केलं. टोचलेली प्रतिपिंडं परक्या अंगात कायमची टिकत नाहीत, हळूहळू विरून जातात. एका सकाळी जयश्रीबाई चहा घेऊन हॉलमध्ये आल्या, तर गोलातला उंदीर घरट्यात नव्हता. तो जाळीला उलटा लटकला होता. मग पडला. मग उठून धावत सुटला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, काही कारण नसताना. इतक्या मेहनतीनं बांधलेलं घरटं त्यानं तुडवून टाकलं, रचलेले दाणे उधळले आणि पुन्हा धावला.

जयश्रीबाईंचा चहा गार झाला. दूध उतू गेलं तरी त्या हलल्या नाहीत.

"हा असा असतो?" त्यांनी शेवटी विचारलं. "मूळचा?"

"हो आई," मैथिली म्हणाली.

"किती वेळ झाला, नुसता पळतोय." त्यांनी पदर तोंडाला लावला. "पळायला काही कामसुद्धा नाही मेल्याला."

त्या उठल्या, आधी हात, मग एक बाजू, मग दुसरी, आणि साडी बदलून आल्या.

केंद्रात डॉ. मुजावर यांनी त्यांना समोर बसवलं. निनाद आणि मैथिली मागे उभी. जयश्रीबाई आधी म्हणाल्या थकवा आहे. मग म्हणाल्या वात आहे. मग पंख्याच्या वाऱ्याला नावं ठेवली. डॉक्टर थांबून राहिल्या.

"दुखतं," जयश्रीबाई म्हणाल्या.

तो शब्द त्यांच्या तोंडून इतका नवा आला की त्यांनीच मागं वळून बघितलं, कोण बोललं म्हणून.

"कुठं?"

"सगळीकडं."

"कधीपासून?" डॉक्टरांनी लिहायला पेन उचललं.

जयश्रीबाईंनी विचार केला. खूप मागं जाऊन आल्या. "कधीपासून म्हणजे?" त्यांनी विचारलं. "त्याच्या आधी काय असतं?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तुलनेसाठी निनादचं रक्त घेतलं. त्याला झोपवूनच घेतलं.

*

त्यानंतरचं लवकर उरकलं. निनादचा उंदीर इतका निरोगी निघाला की झाकण ढकलून पळून गेला. आधी मैथिलीला गाळणी मिळाली, मग जयश्रीबाईंना. एका बाजूनं रक्त बाहेर, दुसऱ्या बाजूनं आत, मधे फुलदाणीएवढी नळी. डॉक्टरांनी बजावलं होतं, हे कायमचं नाही. शरीर पुन्हा प्रतिपिंडं बनवणार, पुन्हा यावं लागणार, आणि चालणं, झोप, व्यायाम सोडायचं नाही. शिवाय आराम एकदम पडत नाही. आतल्या गाठी आपल्या वेळेनं मोकळ्या होतात.

मैथिलीचा आराम हळूहळू, चोरपावलांनी आला. जयश्रीबाईंचा एका संध्याकाळी आला.

मैथिली दारात चपला काढत होती. दार अजून उघडंच होतं. जयश्रीबाई आतून बाहेर आल्या आणि हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"कोण गेलं गं आत्ता?"

"कुणी नाही आई. मीच आले."

"नाही. गेलं कुणीतरी." त्यांनी स्वतःचे कोपर चाचपले, मग खांदे, मग मान, किल्ल्या हरवल्यावर खिसे चाचपतात तसे. कुठंच काही लागेना. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "आत्तापर्यंत होतं. मी चहाला आधण ठेवलं तोवर होतं."

मैथिलीला समजलं. तिलाही परवा सकाळी असंच झालं होतं. ती अंथरुणात बसून राहिली होती, अंगात इतकं रिकामं की हाक मारली तर आत घुमेल. तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं, कारण बरं झालेल्या माणसानं घाबरायचं नसतं.

ती दार लावायला वळली.

"थांब," जयश्रीबाई म्हणाल्या.

दोघी कान देऊन उभ्या राहिल्या. जिन्यात कुणाच्या तरी घरातल्या फोडणीचा वास होता. आवाज कसलाच नव्हता.

"जिन्यात असेल अजून," जयश्रीबाई कुजबुजल्या. "एवढ्यात लांब जायचं नाही ते. माझ्याशिवाय कुठं राहिलंय कधी?"

"बोलवायचं आहे का?"

जयश्रीबाई जिन्याच्या अंधाराकडे बघत होत्या, सासरी निघालेल्या गाडीकडे बघावं तशा. मग त्यांचा जबडा आवळला गेला. त्या मैथिलीच्या पुढून गेल्या, स्वतः दार लोटलं, आणि भिंतीला हात न लावता, टाचा उंचावून, दंड सरळ वर नेऊन वरची कडी घातली.

मग खालचीही घातली.